विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय : लग्नानंतर सुरू होणारा प्रणय

संथवाहिनी

जुन्या हॉलिवूडमधील जोड्यांचा विषय निघाला की बोगार्ट-बाकॉल, ट्रेसी-हेपबर्न, अस्टेअर-रॉजर्स ही नावे पहिल्या दमात घेतली जातात. विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय यांची आठवण होते ती पंगत उठायच्या वेळेस. या दोघांनी 1934 ते 1947 या काळात 14 चित्रपटांत एकत्र काम केले, आणि त्यांतील 6 चित्रपट निक हा माजी गुप्तहेर आणि त्याची बायको नोरा, अशा चार्ल्स या एकाच दांपत्याचे आहेत. गेल्या पावसाळ्यात मी ते सहाही ओळीने पाहिले, नंतर बाकीचे मिळतील तसे पाहिले, आणि या सगळ्या नामांकित जोड्यांत हीच जोडी पहिल्या पाटावर बसवावी अशा मताला मी आले आहे.

कारण सांगते. बहुतेक प्रेमकथा अक्षता पडल्या की संपतात, कारण पुढे सांगण्यासारखे काही उरत नाही असा लेखकांचा समज असतो. निक आणि नोरा आपल्याला पहिल्यांदा भेटतात तेव्हा त्यांचा संसार चांगला मुरलेला असतो. त्या सहांतील पहिल्या, "द थिन मॅन"मध्ये एक प्रसंग आहे. बेपत्ता संशोधकाची तरुण मुलगी डोरोथी व्याकूळ होऊन निकच्या मिठीत आहे आणि नेमकी त्याच वेळी नोरा दारात येते. दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात इथून पुढचा अर्धा तास गैरसमजात गेला असता. इथे निक त्या मुलीच्या डोक्यावरून नोराकडे पाहून तोंड वेडेवाकडे करतो, नोरा नाक मुरडून त्याला तसेच उत्तर देते, आणि विषय तिथेच संपतो. हे सारे दोन-तीन सेकंदांचे काम आहे. पण या बाईचा या माणसावर किती विश्वास आहे आणि त्या विश्वासाचा तिला कसा जराही भार वाटत नाही, हे पानभर संवाद लिहूनही इतके स्वच्छ कळले नसते.

माझे दोन प्रश्न आहेत. हे श्रेय नटांचे की लिहिणाऱ्यांचे, हा पहिला. दुसरा अगदी घरगुती आहे. येत्या रविवारी आई-बाबांना आणि धाकट्या बहिणीला या जोडीचा एक चित्रपट दाखवायचा आहे. बहिणीने आजवर एकही कृष्णधवल चित्रपट शेवटपर्यंत पाहिलेला नाही. सुरुवात कोणत्यापासून करावी?

तिरकस

बहिणीचे लग्न ठरायचे असेल तर कृपया दाखवू नका. स्थळे नाकारण्याला आणखी एक कारण मिळेल.

धोबीतलावकर

संथवाहिनीताई, उत्तम धागा. 1938 साली एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीने आमच्या धोबीतलावाजवळ मेट्रो सिनेमा उभारला, आणि ही जोडीही त्याच कंपनीची. माझे वडील मेट्रोचे नेमाचे प्रेक्षक होते. घरात आईने काही खोचक बोलले की ते "आज नोरा फारच रंगात आहे" असे म्हणत. ही नोरा कोण, हे मला चाळिशी उलटल्यावर दूरदर्शन संचासमोर बसून कळले.

तुमच्या पहिल्या प्रश्नावर माझे मत लिहिणाऱ्यांच्या बाजूने पडते. मूळ कादंबरी डॅशिएल हॅमेट यांची. तिची पटकथा अल्बर्ट हॅकेट आणि फ्रान्सेस गुडरिच यांनी लिहिली, आणि हे दोघे खरोखरीचे नवरा-बायको होते. दिग्दर्शक डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक यांनी त्यांना सांगून ठेवले होते की खुनाच्या गुंत्याची फार फिकीर करू नका, मला या दांपत्याचे पाच चांगले प्रसंग लिहून द्या. एका टेबलाशी बसून जन्मभर एकत्र लिहिणाऱ्या जोडप्याला नवरा-बायकोचे बोलणे कुठून ऐकून आणावे लागत नाही. एकाने वाक्य अर्धे सोडले की दुसऱ्याने ते भलतीकडे नेऊन पुरे करायचे, ही निक-नोराच्या संवादांची चाल मला त्या टेबलावरचीच वाटते.

दिग्दर्शकाचेही श्रेय मोठे आहे. त्याच वर्षी "मॅनहॅटन मेलोड्रामा" करताना व्हॅन डाइक यांनी या दोघांना दोन शॉटच्या मधल्या वेळेत एकमेकांशी थट्टा करताना पाहिले आणि निक-नोरासाठी त्यांना हेरून ठेवले. स्टुडिओचे प्रमुख मेयर यांना लॉयबाई या भूमिकेत नको होत्या, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर ते समजण्यासारखे होते. मोंटानात जन्मलेल्या या बाईला तोवर डोळे तिरपे रंगवून पौर्वात्य मायाविनीच्या भूमिका दिल्या जात. 1932 साली तर त्या फू मांचू या काल्पनिक खलनायकाची मुलगी झाल्या होत्या. दुसऱ्या एका चित्रपटासाठी त्या वेळेवर मोकळ्या व्हायला हव्यात, अशी अट घालून अखेर होकार मिळाला. व्हॅन डाइक यांना "वन-टेक वुडी" म्हणत, आणि त्यांनी सारे चित्रीकरण दोन-अडीच आठवड्यांत उरकले. त्या घाईमुळेच अभिनयात अनेकदा पहिल्या खेपेचा ताजेपणा राहिला, असे मला वाटते.

रेघोट्या

सर्वांचा उत्साह पाहून विरोधी सूर लावायला संकोच वाटतो, पण लावतो. 1934 साली अमेरिकेत महामंदी होती आणि माणसे पावासाठी रांगेत उभी होती. अशा काळात हे दांपत्य न्यूयॉर्कच्या भारी हॉटेलात उतरते, कारण नोराला वडिलांकडून लाकडाची गिरणी आणि छोटी रेल्वे वारशाने मिळालेली आहे, आणि तिची व्यवस्था पाहतो असे सांगत निकने हेरगिरी सोडलेली आहे. महिन्याच्या वीस तारखेला वाण्याचे बिल थकलेले नसेल तर कोणत्याही नवरा-बायकोला एकमेकांकडे पाहून नाक मुरडणे सुचेल. सुखी संसार दाखवण्यासाठी आधी सगळी दुःखेच काढून टाकली, तर त्यात कसब ते काय राहिले?

दुसरा मुद्दा दारूचा. नोरा निकला विचारते की तुझी कितवी चालली आहे, तो म्हणतो सहावी, आणि ती वेटरला आणखी पाच मार्टिनी आणून आपल्यासमोर ओळीने मांडायला सांगते. प्रेक्षागृह हसते. ज्यांच्या घरात दारू पाहिलेली आहे त्यांना इथे हसू येत नाही. मला येत नाही.

संथवाहिनी

रेघोट्या, दुसऱ्या मुद्द्यावर मी वाद घालणार नाही. एवढेच सांगते की अमेरिकेतील दारूबंदी डिसेंबर 1933 मध्ये उठली आणि हा चित्रपट मे 1934 मध्ये आला, त्यामुळे त्या प्रेक्षकांना प्याल्यांच्या त्या रांगेत तेरा वर्षांनंतरची मोकळीक दिसत असावी. आज ते पाहताना मलाही मधूनच निकचे यकृत आठवते.

पैशाच्या मुद्द्यावर मात्र सहमत नाही. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये श्रीमंत जोडप्यांना काय तोटा होता? पण ती सगळी घटस्फोट घेण्यात, रुसून युरोपला जाण्यात किंवा चुकीच्या माणसाशी साखरपुडा करण्यात गुंतलेली असत. पैसा असूनही एकमेकांच्या सहवासाचा कंटाळा न येणे हे पैशाने झालेले नाही. नाताळच्या सकाळचा प्रसंग आठवा. नोराने निकला हवेची बंदूक भेट दिली आहे. तो पायजम्यावर कोचात आडवा पडून झाडाला टांगलेले फुगे एकेक करून फोडतो आहे, कधी सरळ नेम धरून, तर कधी उलटा होऊन. ती नवा फरकोट अंगातून न काढता शेजारच्या खुर्चीत बसून, शाळेतल्या द्वाड मुलाकडे पाहावे तशी त्याच्याकडे पाहते आहे. त्यात कथा तसूभर पुढे सरकत नाही. गंमत बंदुकीची नाही, तिच्या त्या पाहण्याची आहे. आणि बंदूक मीही माझ्या नवऱ्याला देऊ शकते, फक्त आमच्या खिडक्यांच्या काचा भाडेकराराप्रमाणे आमच्या जबाबदारीच्या आहेत.

वकीलीणबाई

मला हे चित्रपट आवडतात, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडण आहे. नोरा निकइतकीच हुशार आहे असे सगळे म्हणतात, पण प्रत्यक्ष तपासाची वेळ आली की तिला बाजूला सारले जाते. पहिल्याच चित्रपटात निक तिला फसवून टॅक्सीत बसवतो आणि चालकाला राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या समाधीकडे न्यायला सांगतो. ही हसण्याची जागा आहे हे मला कळते, परंतु मोठ्या माणसांनी लहान मुलांना "जा, बाहेर खेळ" म्हणावे तसे ते आहे. त्याहून वाईट म्हणजे मोरेली हा गुंड पिस्तूल घेऊन त्यांच्या निजायच्या खोलीत शिरतो तेव्हा निक आधी नोराला ठोसा मारून बेशुद्ध करतो, का तर ती गोळीच्या वाटेत येऊ नये. आज माझ्यासमोर कुणी अशी कैफियत मांडली तर मी वकीलपत्र घेणार नाही.

पडद्याबाहेरही तेच होते. चित्रपट दोघांच्या जोरावर चालत होते आणि लॉयबाईंचा मोबदला पॉवेल यांच्या निम्मा होता. हे समजल्यावर 1935 साली त्यांनी सरळ काम थांबवले आणि त्या युरोपला निघून गेल्या. अखेर स्टुडिओला नमते घ्यावे लागले. संथवाहिनी, तुम्ही जिला समाधानी पत्नी म्हणता तिची भूमिका करणारी बाई किती हिशेबी आणि खमकी होती, हेही या धाग्यात नोंदवलेले असावे.

अनुस्वार

वकीलीणबाई, मोबदल्याची नोंद झालीच पाहिजे, धन्यवाद. पण ठोशाच्या प्रसंगाचा पुढचा भाग तुम्ही साक्षीतून वगळलात. शुद्धीवर आल्यावर नोरा रागावते ती मार लागला म्हणून नव्हे. तू त्याला लोळवशील हे मला ठाऊकच होते, पण ते मला डोळ्यांनी पाहायचे होते, असे ती म्हणते. टॅक्सीच्या प्रसंगाचेही तसेच आहे. समाधी कशी वाटली असे निकने नंतर विचारल्यावर ती म्हणते की छान आहे, तुझ्यासाठी तशीच एक बनवायला टाकली आहे. प्रत्येक डावात शेवटचे पान तिचेच पडते.

वकीलीणबाई

शेवटचे वाक्य मिळणे आणि टॅक्सीतून उतरायला मिळणे यांत फरक आहे. तरी समाधीची परतफेड मी विसरले होते, हे मान्य.

कोडेबाज

इतके प्रतिसाद झाले आणि आस्टाचे नाव कुणी काढू नये याचे आश्चर्य वाटते. कादंबरीत आस्टा ही श्नाउझर जातीची कुत्री आहे; चित्रपटात तिचा वायर फॉक्स टेरियर जातीचा कुत्रा झाला. ती भूमिका करणाऱ्या कुत्र्याचे नाव स्किपी. पुढे "द ऑफुल ट्रूथ" आणि "ब्रिंगिंग अप बेबी" यांतही तोच आहे, म्हणजे आजच्या भाषेत त्याच्या तारखा मिळत नव्हत्या. त्याचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून नटांना त्याच्याशी सलगी करू दिली जात नसे, आणि त्याने एकदा लॉयबाईंचा चावाही घेतला होता. पडद्यावर मात्र तिघे एका ताटात जेवत असावेत असे वाटते.

अमेरिकन शब्दकोड्यांत हा कुत्रा वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला आहे, कारण चार अक्षरांत दोन स्वर असलेले नाव कोडे रचणाऱ्याला फार सोयीचे पडते. मराठी कोड्यात तो दोनच घरांत मावतो. मी एकदा "चतुर दांपत्याचा श्वान" असा संकेत देऊन तो बसवला होता, तेव्हा कुणालाही सुटला नाही आणि संपादकांनी मला सौम्य शब्दांत समज दिली.

मोगरी

लॉयबाईंचा पहिला प्रवेशही आस्टाच घडवून आणतो ना! हातांत नाताळच्या खरेदीची खोकी, पुढे दोरीला हिसके देणारा कुत्रा, आणि ही सुंदर पोशाखातली बाई उंची बारमध्ये शिरताच भरल्या सभेत सपशेल जमिनीवर आडवी. नायिकेची पहिली ओळख तिला पालथे पाडून करून देण्याचे धाडस तेव्हा किती जणांनी केले असेल? पण उठल्यावर तिची मान जरासुद्धा खाली जात नाही. मला ती तिथेच आवडली.

खाडीपलीकडचा

मी गेली अनेक वर्षे सान फ्रान्सिस्कोजवळ राहतो, त्यामुळे माझा जीव दुसऱ्या चित्रपटात, म्हणजे 1936 च्या "आफ्टर द थिन मॅन"मध्ये अडकलेला आहे. निक आणि नोरा नववर्षाच्या आदल्या दिवशी आगगाडीने आपल्या घरी, या शहरात परततात. त्यांचे घर टेलिग्राफ हिलवर दाखवले आहे, कॉइट टॉवरच्या अगदी अंगणात. मनोरा 1933 साली पुरा झाला, म्हणजे चित्रपटात तो कोरा करकरीत दिसतो. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना त्या चढावर नेतो आणि इथे निक-नोरा राहत असत असे सांगतो. आजवर एकाही पाहुण्याने "कोण?" याखेरीज काही विचारलेले नाही.

या चित्रीकरणाच्या वेळची एक हकीकत लॉयबाईंनी आपल्या आत्मचरित्रात दिली आहे. सगळे सेंट फ्रान्सिस हॉटेलात उतरले. हॉटेलवाल्यांनी मोठ्या कौतुकाने पॉवेल आणि लॉय यांच्यासाठी एकच मोठा स्वीट राखून ठेवला होता, कारण ते पती-पत्नी आहेत याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. पंचाईत अशी की पॉवेल यांचे प्रेम होते नटी जीन हार्लो यांच्यावर, आणि त्याही सोबत आलेल्या होत्या. शेवटी स्वीटमध्ये लॉय आणि हार्लो या दोघी मैत्रिणी राहिल्या आणि पॉवेलसाहेबांची रवानगी एका लहानशा खोलीत झाली.

शेवटचा प्रसंग मला पहिल्या चित्रपटापेक्षाही सरस वाटतो. परतीच्या आगगाडीत नोरा काहीतरी विणत बसली आहे. निकचे लक्ष हळूहळू तिच्या हातांकडे जाते आणि विणकाम बाळाच्या पायमोज्याचे आहे हे त्याला उमगते. त्यावर ती म्हणते, आणि म्हणे तू गुप्तहेर! या चित्रपटात तरुण जेम्स स्टुअर्टही आहेत, आणि त्यांचे काम पाहताना एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी, ती म्हणजे

मोगरी

थांबा! मी दुसरा भाग अजून पाहिलेला नाही.

खाडीपलीकडचा

क्षमस्व. ध्यानात ठेवण्याची गोष्ट म्हणजे ते उंच आहेत.

तिरकस

म्हणजे ते थिन मॅन आहेत, एवढे तरी कळले.

अनुस्वार

तिरकस यांच्या विनोदात घोटाळाही आहे. थिन मॅन हा निक नव्हे. पहिल्या कथेतील बेपत्ता संशोधक वायनंट हा तो सडपातळ माणूस. त्याचे प्रकरण पहिल्याच चित्रपटात मिटले, परंतु प्रेक्षकांनी ते नाव निकला चिकटवले आणि स्टुडिओने शहाणपणाने त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

मालिकेविषयी माझे मत असे की तिसऱ्या भागानंतर ती उतरत गेली. हॅकेट-गुडरिच यांनी पहिले तीनच भाग लिहिले. त्यात घरात मूल आले. 1941 च्या चौथ्या भागात निकला चिरंजीवांच्या आग्रहाखातर जेवणाच्या टेबलावर दूध प्यावे लागते, आणि 1944 च्या पाचव्या भागात तो वडिलांच्या धाकाने सायडरवर, म्हणजे सफरचंदाच्या रसावर आलेला असतो. रेघोट्यांना हे भाग पसंत पडावेत. व्हॅन डाइक 1943 साली वारले होते, लॉयबाई महायुद्धाच्या काळात रेडक्रॉसच्या कामाला वाहून घेऊन चित्रपटांपासून जवळजवळ दूर होत्या, आणि पाचवा भाग त्यांनी मधूनच येऊन केला. त्यात दोघे दिसतात तितकेच गोड, पण त्यांच्यातला खट्याळपणा आता शिष्टाचारासारखा वाटू लागतो. सहावा भाग मी एकदा पाहिला, पुन्हा पाहणार नाही.

मांडवीतीर

निक-नोरा बाजूला ठेवून मी 1936 च्या "लायबल्ड लेडी"ची बाजू मांडतो. एका वृत्तपत्राने धनाढ्य घरच्या मुलीविषयी खोटी बातमी छापली आहे आणि तिने 50 लाख डॉलरांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला आहे. ती मुलगी म्हणजे लॉय. तिला जाळ्यात ओढण्यासाठी संपादक स्पेन्सर ट्रेसी यांनी पॉवेल यांना नेमले आहे, आणि चौथ्या कोपऱ्यात हार्लो आहेत. मुलीच्या वडिलांना ट्राउट माशाचे वेड. म्हणून पॉवेल मोठे अट्टल गळवाले असल्याची थाप मारतात आणि मग त्यांना खरोखर नदीत उतरावे लागते.

मी मांडवीच्या काठी वाढलो, लहानपणापासून हातात गळ आहे, आणि सांगतो की पडद्यावर मासेमारीचा इतका शास्त्रशुद्ध बोजवारा मी दुसरा पाहिलेला नाही. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मासेमारीचे पुस्तक, पायाखाली शेवाळलेले दगड, आणि बापलेक पाहत नाहीत ना याकडे सगळे लक्ष. पाण्यात आपटून उठताना पॉवेल यांच्या चेहऱ्यावरची प्रतिष्ठा जराही ओली होत नाही. आणि ज्या माशाच्या मागे म्हातारा वर्षानुवर्षे लागला आहे, तो नेमका यांच्या गळाला लागतो. आमच्याकडे यालाच नवख्याचे नशीब म्हणतात. मला ते आजवर लाभलेले नाही.

धोबीतलावकर

मांडवीतीर, उत्तम आठवण दिलीत. हार्लो यांना या चित्रपटात लॉय यांची भूमिका हवी होती, कारण शेवटी पॉवेल तिला मिळतात. परंतु पॉवेल आणि लॉय यांना प्रेक्षक एकत्रच पाहणार, असे स्टुडिओने बजावले. प्रत्यक्ष प्रेयसीला पडद्यावर मात्र प्रेक्षकांच्या हट्टापुढे माघार घ्यावी लागली.

पुढच्याच वर्षी, 7 जून 1937 रोजी, हार्लो 26 व्या वर्षी वारल्या. तेव्हा पॉवेल आणि लॉय यांच्या "डबल वेडिंग"चे चित्रीकरण चालू होते. काही दिवस काम थांबले आणि मग दोघांनी परत येऊन तो विनोदी चित्रपट पुरा केला. एकाची प्रेयसी गेलेली, दुसरीची मैत्रीण. चित्रपट फारसा चांगला नाही. मी तो एकदाच पाहिला, आणि पाहताना हा प्रसंग आधीचा की नंतरचा एवढेच शोधत राहिलो. सांगता आले नाही. नंतर पॉवेल यांना कर्करोग झाला आणि ते दीर्घकाळ पडद्यापासून दूर राहिले. 1939 साली ते परतले ते "अनदर थिन मॅन"मधून, लॉय यांच्याच शेजारी उभे राहून.

मोगरी

काका, हे वाचून "डबल वेडिंग" पाहायचे धैर्य होईल असे वाटत नाही. या दोघांचे आपसांत कधीच काही नव्हते ना?

धोबीतलावकर

नव्हते. पॉवेल यांची तीन लग्ने झाली, लॉय यांची चार, पण ती एकमेकांशी नव्हेत. मैत्री मात्र शेवटपर्यंत राहिली. पॉवेल 1984 साली 91 व्या वर्षी गेले. त्यांना तीनदा नामांकन मिळूनही ऑस्कर मिळाले नाही, आणि लॉय यांना तर अभिनयासाठी एकदाही नामांकन नव्हते. 1991 साली सन्मानार्थ पुरस्कार देऊन अकादमीने उशिरा का होईना ऋण फेडले. सहज वाटणाऱ्या कामाला बक्षीस देताना परीक्षकांचा हात आखडतो, मग ते हॉलिवूड असो की आमच्या गणेशोत्सवातील एकांकिका.

वकीलीणबाई

दोन दिवस विचार करून मूळ प्रश्नाकडे वळते, कारण काकांचे श्रेय-वाटप मला पटलेले नाही. सगळी किमया हॅकेट-गुडरिच यांच्या लेखणीची असती तर ती लेखणी नसताना ही जोडी फिकी पडायला हवी होती. "आय लव्ह यू अगेन" (1940) आणि "लव्ह क्रेझी" (1941) ही माझी दोन कागदपत्रे. दोन्ही वेगळ्या लेखकांची आहेत, आणि दोन्हींत लॉयबाईंना घटस्फोट हवा आहे, म्हणजे निक-नोरांचे बरोबर उलटे.

"लव्ह क्रेझी"त पत्नीचा खटला लांबवण्यासाठी पॉवेल वेडाचे सोंग घेतात, ते सोंग इतके वठते की त्यांची रवानगी खरोखर इस्पितळात होते, आणि पुढे तर ते मिशा काढून स्वतःच्याच बहिणीच्या वेषात वावरतात. तारखा वाढवून घेण्याचे नाना प्रकार मी पाहिलेले आहेत, पण माझ्या एकाही पक्षकाराने एवढी मजल मारलेली नाही. "आय लव्ह यू अगेन"मधला नवरा हा गावातला कंजूष, निर्व्यसनी, सभ्य कंटाळा आहे. डोक्याला मार लागून त्याला नऊ वर्षांपूर्वीचे आपले खरे रूप आठवते, आणि तो निघतो अट्टल भामटा. मधली नऊ वर्षे पुसली गेल्यामुळे आपले लग्न झाल्याचेही त्याला आठवत नाही, आणि स्वतःच्याच बायकोच्या तो नव्याने प्रेमात पडतो. तिला मात्र याचा उबग आलेला आहे.

लॉयबाई इथे काय करतात ते पाहा. नवरा अचानक रसिक झालेला आहे. तिचा विश्वास बसत नाही, पण कुतूहल चाळवते, आणि ते कुतूहल त्या भुवईच्या अर्ध्या इंचात सांभाळतात. पॉवेल बोलत सुटतात आणि त्या ऐकतात. ऐकणे हेच त्यांचे खरे काम आहे. पुष्कळ नटांना समोरचा बोलत असताना आपली पाळी कधी येते याचीच घाई असते. बाई मात्र प्रत्येक वाक्य पहिल्यांदाच कानावर पडल्यासारखे ऐकतात, आणि म्हणून पॉवेल आहेत त्याहून अधिक विनोदी वाटतात. हे कागदावर लिहून देता येत नाही.

धोबीतलावकर

वकीलीणबाई, पुरावा ग्राह्य. वडील आईला नोरा म्हणत, पण तिचे बोलणे होईपर्यंत स्वतः हातातले वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकत बसत, हे मला आत्ता, हे वाचताना ध्यानात आले.

रेघोट्या

वकीलीणबाईंच्या सांगण्यावरून काल "आय लव्ह यू अगेन" पाहिला. दारू न पिणारा नवरा हा कंटाळवाणा आणि दारू पिणारा रंगतदार, हे समीकरण इथेही आहेच, त्यामुळे माझी तक्रार मी मागे घेत नाही. परंतु रात्रीच्या त्या घरातील प्रसंगात, ती त्याच्याकडे पाठ करून उभी असताना तिच्या खांद्यांतला ताठरपणा जरासा उतरतो, तिथे मी चित्रपट मागे नेऊन दोनदा पाहिला. पैसा, फरकोट, मार्टिनी यांतले त्या जागी काहीही नाही.

संथवाहिनी

सर्वांचे आभार. रविवारी शेवटी "द थिन मॅन"च लावला. लॉयबाई बारमध्ये आडव्या झाल्या तेव्हा आईने चित्रपट थांबवायला सांगितला आणि खोक्यांत काचेचे काही होते का, अशी चौकशी केली. बाबांना खुनी कोण हे मेजवानीच्या प्रसंगाआधीच कळले होते असे ते म्हणतात. त्यांनी ते आम्हांला मेजवानीनंतर सांगितले. बहिणीने पहिला अर्धा तास हातातला फोन खाली ठेवला नाही. नाक मुरडण्याच्या प्रसंगाला तो खाली गेला आणि शेवटी आस्टा आगगाडीच्या वरच्या बर्थवर पंजाने डोळे झाकतो तोवर तिथेच होता. पुढच्या रविवारसाठी तिनेच "लायबल्ड लेडी" ठरवला आहे.

पहिल्या प्रश्नावर मी वकीलीणबाईंकडे झुकले आहे, मात्र ते पाच प्रसंग मागणाऱ्या व्हॅन डाइक यांना मी त्यांच्याही आधी नमस्कार करीन.

मांडवीतीर

मासेमारीच्या प्रसंगाला बाबांना आवर्जून सांगा की पुस्तक त्या हातात धरत नाहीत.

तिरकस

बहिणीच्या स्थळांचे काय झाले, ते मात्र कुणीच विचारत नाही.